रेवाचा कँटर: चौथा ठोका घालवताना

रेवा ही शर्यतीच्या मैदानावरून निवृत्त होऊन आलेली थरोब्रेड घोडी आहे. तिचा वॉक (साधे चालणे) मोकळा होता, ट्रॉट (दुडकी चाल) बऱ्यापैकी लयीत होता आणि स्वभाव कामसू होता. परंतु कँटरला, म्हणजे दुडकी आणि भरधाव दौड यांच्यामधल्या चालीला, लागली की तिची सगळी घडी विस्कटत असे. मान लांब जायची, वजन पुढच्या पायांवर यायचे, लगाम हातात जड व्हायचा आणि स्वाराला प्रत्येक ढांगेत जी उचल जाणवायला हवी ती जाणवतच नसे. इंदूरच्या बायपासजवळ ज्या लहानशा क्लबमध्ये मी घोडेस्वारी करते, तिथे बहुतेक घोडे असे शर्यतीतून आलेलेच आहेत. ड्रेसेजसाठी, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चाली आणि हालचालींना गुण देणाऱ्या खेळासाठी, परदेशातून खास जातीचा घोडा आणणे आपल्यापैकी फार थोड्यांना परवडते. म्हणून जो घोडा हाताशी आहे त्याचाच कँटर कसा सुधारता येतो, हे मला सविस्तर लिहावेसे वाटले.

कँटर ही तीन ठोक्यांची चाल आहे. डाव्या लीडवर, म्हणजे पुढचा डावा पाय आघाडीवर असताना, आधी मागचा उजवा पाय पडतो, मग मागचा डावा आणि पुढचा उजवा ही तिरपी जोडी एकाच वेळी टेकते, त्यानंतर पुढचा डावा पाय पडतो आणि मग क्षणभर चारही पाय हवेत असतात, हीच झेप. उजव्या लीडवर हाच क्रम उलट बाजूंनी होतो. शर्यतीतल्या दौडीत मात्र ती तिरपी जोडी फुटलेली असते. वेगामुळे जोडीतला मागचा पाय किंचित आधी टेकतो आणि चार ठोके पडतात. तिथे ते योग्यच आहे. ड्रेसेजच्या मैदानात घोड्याला लगामाने आवरून हळू केले आणि त्याचे मागचे पाय पोटाखाली आलेच नाहीत, तर तीच जोडी उलट्या क्रमाने फुटते, म्हणजे पुढचा पाय आधी टेकतो आणि मागचा रेंगाळतो. झेप संपते. लांबून पाहणाऱ्याला असा कँटर संथ आणि आज्ञाधारक वाटतो, पण परीक्षकाच्या दृष्टीने चालीची शुद्धताच गेलेली असते, आणि त्यावर पुढचे कोणतेही काम उभे राहत नाही. माझ्या मते या चालीबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे की कँटर हळू झाला म्हणजे सुधारला.

आमचे प्रशिक्षक लष्कराच्या घोडदळातून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे आहेत. आम्ही त्यांना रिसालदार साहेब म्हणतो. रेवाला पहिल्यांदा पाहिल्यावर ते एवढेच म्हणाले, “ताई, हिला आवरू नका. आधी हिच्या पाठीत आणि मागच्या पायांत जोर येऊ द्या. कँटरचं नंतर बघू.” त्यांनी क्लबमधल्या एका मुलाला मोबाइलवर तिचा कँटर स्लो मोशनमध्ये चित्रित करायला लावला. डोळ्यांनी पाहताना नुसता संशय येत होता. चित्रणात मात्र पुढचा पाय आधी टेकताना स्पष्ट दिसला. तेव्हापासून दर काही आठवड्यांनी, त्याच कोपऱ्यात, त्याच बाजूने चित्रण करायचे असा आमचा नियम झाला. ज्यांच्याकडे रोज प्रशिक्षक नसतो त्यांच्यासाठी याहून स्वस्त आणि प्रामाणिक साधन मला माहीत नाही.

काम सुरू करण्याआधी शरीराची तपासणी झाली. पशुवैद्यांनी पाठ आणि मागचे सांधे पाहिले, दातांच्या धारदार कडा घासून घेतल्या. नालबंदाने खुरांकडे लक्ष वेधले: पुढचा भाग लांब वाढलेला आणि टाचा खचलेल्या, हे शर्यतीच्या घोड्यांत नेहमी आढळते. खुरे हळूहळू, प्रत्येक नालबंदीला थोडी थोडी करून वळणावर आणावी लागली. खोगीर मानेमागच्या उंचवट्यावर टेकत होते, ते बदलले. जिथे दुखते तिथे घोडा पाठ उचलणार नाही, आणि पाठ उचलल्याशिवाय मागचे पाय खाली येणार नाहीत; त्यामुळे या गोष्टी वगळून केलेला सराव जनावरावर अन्याय करणारा असतो, असे मला मनापासून वाटते.

पहिला टप्पा जवळजवळ संपूर्णपणे वॉक आणि ट्रॉटचा होता. 20 मीटरच्या वर्तुळावर ट्रॉटमधून वॉक, वॉकमधून ट्रॉट, थांबून पुन्हा ट्रॉट, आणि जमिनीवर मांडलेल्या दांड्यांवरून सावकाश ट्रॉट. लेग-यील्डिंग करून तिला एका पायाच्या इशाऱ्यावर बाजूला सरकायला शिकवले. हे काम दिसायला नीरस आहे, तरी कँटरची खरी तयारी इथेच होते, कारण चाल बदलताना प्रत्येक वेळी मागच्या पायांना वजन पेलावे लागते. उन्हाळ्यात माळव्यातली पहाट थंड असते, म्हणून आम्ही ऊन चढण्याआधीच काम आटोपत असू. पावसाळ्यात बाहेरची काळी माती इतकी चिकट होते की खुरे रुततात. तेव्हा फक्त वाळूच्या रिंगणात काम होई, आणि वाळू फार ओली असली तर मोतद्दार काका तिला हाताने फिरवून आणत.

दुसऱ्या टप्प्यात कँटर आला, पण अगदी थोडा. वर्तुळावर ट्रॉटमधून कँटर घ्यायचा, चांगल्या ढांगा मिळाल्या की त्या बिघडण्याआधीच ट्रॉटवर यायचे आणि पुन्हा मागायचे. मी याला फार महत्त्व देते. थकून चार ठोक्यांवर आलेल्या कँटरमध्ये घोड्याला फेऱ्यांवर फेऱ्या मारायला लावल्या, तर तो तेच शिकतो. इशाऱ्याची वेळही महत्त्वाची असते. कँटरची सुरुवात बाहेरच्या मागच्या पायाने होते, म्हणून तो पाय टेकण्याच्या बेतात असतानाच इशारा पोहोचायला हवा: आतला पाय तंगाजवळ, बाहेरचा पाय थोडा मागे, मांड आतल्या बाजूने किंचित जड. हात मात्र थांबता कामा नये, कारण कँटरमध्ये घोड्याची मान प्रत्येक ढांगेबरोबर हलते आणि घट्ट धरलेला लगाम ती हालचाल आणि तिच्यासोबत झेपही मारतो. हाफ-हॉल्ट, म्हणजे न थांबवता किंचित आवरण्याचा इशारा, द्यायचा तो क्षणापुरता, आणि लगेच हात मोकळा करायचा.

या काळात कानांचा मोठा उपयोग झाला. कँटरमध्ये घोड्याचा श्वास ढांगेशी बांधलेला असतो, एका ढांगेला एक श्वास. रेवा मोकळी असली की तिच्या नाकातला आवाज एकसारखा, ठराविक अंतराने येई. ती ताठरली की तो अडखळत असे. पायांच्या ठोक्यांच्याही आधी मला ते कळू लागले, आणि मग ढांग बिघडायची वाट न पाहता मी ट्रॉटवर येऊ लागले.

सर्वाधिक बदल घडवला तो वॉकमधून थेट कँटर घेण्याच्या सरावाने. ट्रॉटमधून कँटर घेताना घोडा वेगाच्या आधारे पुढे ढकलला जाऊ शकतो. वॉकमध्ये तो आधार नसतो, त्याला मागच्या पायावर बसूनच उचलावे लागते. कँटरमधून वॉकवर येणे तर त्याहून अवघड. मध्ये ट्रॉटची दोन-तीन घाईची पावले हमखास येत, आणि ती पुष्कळ दिवस येत राहिली. त्यासाठी रिसालदार साहेबांनी वर्तुळ हळूहळू लहान करत आत यायला आणि मग लेग-यील्डिंगने पुन्हा बाहेर जायला सांगितले. लहान वर्तुळावर आतला मागचा पाय आपोआप अधिक वजन घेतो, आणि नेमक्या त्या क्षणी वॉक मागितला की तो मिळतो. जमिनीवर साधारण 3 मीटर अंतराने ठेवलेल्या दांड्यांनी ढांगेची उंची वाढली. कुंपणाच्या कडेने जाताना तिचे पुठ्ठे आत येत, कारण घोड्याचे खांदे पुठ्ठ्यांपेक्षा अरुंद असतात आणि तो बाहेरचा खांदा भिंतीला लावून चालतो. यावर पुठ्ठे बाहेर ढकलण्याऐवजी खांदे किंचित आत आणून पुठ्ठ्यांच्या समोर ठेवायचे असतात. उजव्या लीडवर तिचा वाकडेपणा जास्त होता, आणि अजूनही तीच बाजू कमकुवत आहे.

हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सप्टेंबर 2023 मध्ये अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंह आणि आमच्या इंदूरची सुदीप्ती हजेला यांनी ड्रेसेजचे सांघिक सुवर्ण जिंकले, घोडेस्वारीत भारताला 41 वर्षांनी सुवर्ण मिळाले, आणि तेव्हापासून आमच्या कॉलनीतले लोकही आवर्जून विचारतात की यात नेमके पाहायचे काय. त्या चौघांची तयारी युरोपात, ड्रेसेजसाठी जोपासलेल्या घोड्यांवर झाली. आमच्या वाळूच्या रिंगणाशी तिची तुलना होऊ शकत नाही. तरी मी विचारणाऱ्यांना सांगते की घोडा कँटर करताना त्याच्या चार पायांखाली हवा दिसते का, ते पाहा. मोठ्या स्पर्धेतले पिरुएट (कँटरमध्ये जवळजवळ जागच्या जागी वळणे) आणि फ्लाइंग चेंज (कँटर न थांबवता लीड बदलणे) त्याच हवेवर उभे असतात.

आज डाव्या लीडवरच्या चित्रणात तिरपी जोडी एकत्र टेकते, सरळ रेषेतही आणि कोपऱ्यातही. उजवीकडे सरळ रेषेत तीन ठोके टिकतात, लहान कोपऱ्यात ती अजून चपटी होते. डाव्या लीडवर काउंटर-कँटर, म्हणजे उजव्या वळणावर डावाच लीड राखणे, उथळ वळणांपुरते सुरू केले आहे. फ्लाइंग चेंज मात्र हाती घेतलेला नाही. तो चारही पाय हवेत असतानाच व्हायचा असतो, आणि एका बाजूची झेप अपुरी असेल तर घोडा पुढचे पाय आधी बदलतो, मागचे एक ढांग उशिरा. एकदा ती सवय लागली की मोडणे फार कठीण जाते. म्हणून उजव्या लीडवर वॉक-कँटर-वॉक स्वच्छ होईपर्यंत तेच काम चालू ठेवायचे, आणि पुढचे चित्रण पाहूनच पुढचे ठरवायचे, असे रिसालदार साहेबांचे आणि माझे ठरले आहे.