उलटी पडलेली वजाबाकी

त्या दिवशी आमच्या मेंदूच्या प्रयोगशाळेत आलेले काका रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली. जर्मनीत अशा वयाच्या माणसाला आडनावानेच हाक मारायची, पण मनात मी त्यांना काकाच म्हणत होते. त्यांच्या भावाचा उजवा हात अर्धांगवायूने गेला होता. 'त्याच्या कामी नाही आलं तरी पुढे कुणाच्या तरी येईल,' असं म्हणून त्यांनी आमच्या प्रयोगासाठी निरोगी स्वयंसेवक म्हणून नाव दिलं होतं.

मेंदूच्या विद्युत लाटा टिपणारी टोपी चढवून, बोथट सुईने एकेका इलेक्ट्रोडखाली जेल भरण्यातच पाऊण तास गेला. मग उजव्या अंगठ्याच्या स्नायूवर त्याची हालचाल नोंदणाऱ्या दोन पट्ट्या आणि कानांत बोळे, कारण चुंबकीय झटका देणारी कॉइल दर झटक्याला मोठ्याने 'टक्' वाजते. डोक्याच्या डाव्या बाजूला इंग्रजी आठच्या आकाराची ती कॉइल धरली, झटका दिला, आणि काकांचा अंगठा आपोआप उडाला. ते हसले. पहिल्यांदा सगळेच हसतात.

डोक्याला न उघडता मेंदूच्या हालचाल-केंद्राला असं बाहेरून चुंबकाने चाळवता येतं, हे शेफील्डच्या अँथनी बार्कर यांच्या गटाने 1985 साली दाखवलं. पण तेव्हापासून एक कोडं सोबत आहे. जागा तीच, जोर तोच, तरी अंगठा कधी जोरात उडतो, कधी जेमतेम हलतो. हा फरक बरीच वर्षं सरासरी काढून मिटवला गेला. आमचं काम त्या फरकातच आहे. हात स्वस्थ असताना हालचाल-केंद्राच्या परिसरात साधारण 10 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला दहा वेळा वरखाली होणारी एक लाट चालू असते, तिला म्यू लय म्हणतात. ट्यूबिंगनच्या झ्रेनर आणि झिमान यांच्या गटाने 2018 साली दाखवलं, की झटके नेमके या लाटेच्या तळाशी देत राहिलं तर तो भाग जास्त उत्तेजनशील होतो; तेच झटके माथ्यावर दिले तर तसं होत नाही.

एक लाट म्हणजे 100 मिलिसेकंद. तळ आणि माथा यांत 50चंच अंतर. तळ दिसल्यावर झटका द्यायचा म्हटलं तर उशीर झालेला असतो, म्हणून संगणक मागच्या अर्ध्या-पाऊण सेकंदाच्या लाटेवरून पुढचा तळ कधी येणार याचा अंदाज बांधतो आणि त्या क्षणी कॉइलला सांगतो.

सकाळच्या फेरीत 400 झटके होते, निम्मे तळाला, निम्मे माथ्यावर, क्रम सरमिसळ. काकांची लय इतकी सुरेख होती की मी खुशीत होते. बऱ्याच जणांची लय एवढी ठळक नसते आणि त्यांना परत पाठवावं लागतं. फेरी संपल्यावर सरासरी काढली, तर माथ्यावरच्या झटक्यांना अंगठा ठळकपणे जास्त उडाला होता. सगळं उलटं.

त्या क्षणी मनात जे आलं ते लिहिलंच पाहिजे. पहिला विचार चुकीचा नव्हता, मोहाचा होता: या माणसाचा मेंदूच वेगळा असेल! आणि तो विचार पुरता खुळाही नव्हता. 2019 साली कोपनहेगनच्या गटाला या लयीच्या टप्प्याचा असा परिणाम आढळलाच नव्हता. प्रश्न अजून मिटलेला नाही, त्यामुळे अनपेक्षित निकालाला 'नवीन शोध' म्हणायला जागा उरते. पण आदल्या संध्याकाळी प्रोग्रामला हात लावलेला मीच होते.

काकांना कॉफी दिली आणि टोपीची वायर काढून ठेवली. जेल वाळायला लागायच्या आत उत्तर हवं होतं. मेंदूऐवजी सिग्नल जनरेटरची 10 हर्ट्झची लाट डाव्या हालचाल-केंद्रावरच्या सी3 या इलेक्ट्रोडच्या जागी जोडली, तीच लाट ऑसिलोस्कोपवर घेतली, कॉइलला जाणारा इशाराही त्याच पडद्यावर. 'तळ' निवडून चालू केलं. हिरव्या लाटेच्या बरोबर माथ्यावर बारीक उभी रेघ उमटली. पुन्हा. पुन्हा. दर वेळी माथ्यावर.

आम्ही सी3 मधून शेजारच्या चार इलेक्ट्रोडांची सरासरी वजा करतो, म्हणजे लांबून येणारं बाकीचं गळून पडतं आणि जवळचं तेवढं उरतं. ती ओळ नीटनेटकी करताना मी शेजाऱ्यांमधून सी3 वजा केलं होतं. लाट तीच, फक्त खालचं वर. संगणक दिलेलं काम अचूक करत होता. चुकीचं काम मी दिलं होतं. आणि ते पकडलं काकांच्या अंगठ्याने.

परत जाऊन त्यांना सरळ सांगितलं, की सकाळची सगळी फेरी माझ्या चुकीमुळे उलट्या नावाने नोंदली गेलीय, ती ठरल्याप्रमाणे धरता येणार नाही, आणि तुम्ही आत्ता घरी गेलात तरी चालेल. ते म्हणाले, "सिग्नल चुकीचा दिसला तर गाडी थांबवायची आणि कळवायचं. तुम्ही तेच केलंत. लावा परत."

दुरुस्त केलेली फेरी दुपारी झाली. तळाशी दिलेल्या झटक्यांना अंगठा जास्त उडाला. एका माणसाचा निकाल तो, पण त्या दिवशी मला तो फार हवा होता. सकाळच्या नोंदी मी पुसल्या नाहीत. काय घडलं ते त्यांच्यावर लिहून वेगळ्या ठेवल्या.

टोपी काढण्याआधी काकांनी स्वतःची लाट बघायला मागितली. पडदा त्यांच्याकडे वळवला. अंगठा हलवला की ती सपाट होते, हे सांगितलं. त्यांनी हलवून पाहिलं, लाट विरली, थांबल्यावर हळूहळू परत आली. मग त्यांनी हात मांडीवर अगदी स्थिर ठेवला. तरी लाट पुन्हा खाली बसली. मी स्नायूची रेघ पाहिली, तिच्यावर काहीच नव्हतं.

"काय केलंत?" मी विचारलं.

"ब्रेकचा दांडा ओढला," ते म्हणाले. "मनातल्या मनात."