बिंदू ओढला की स्पर्शिका का सुटते?

जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेली स्पर्शिका दिसायला बिनचूक असते, पण बिंदू जरा ओढला की ती वर्तुळापासून सुटते नाहीतर त्याला छेदते. असं का होतं, हा गणिताच्या शिक्षकांचा नेहमीचा प्रश्न. दहावीच्या 'भौमितिक रचना'तलंच उदाहरण घेऊ: बाह्यबिंदूतून वर्तुळाला स्पर्शिका.

ती सुटते, कारण ती रचलेली नसते, नजरेनं जुळवलेली असते. स्पर्शबिंदू अंदाजानं ठेवला, तर सॉफ्टवेअरला फक्त 'हा वर्तुळावरचा बिंदू' एवढंच कळतं. रंग बघा. मोकळा बिंदू गडद निळा, एखाद्या रेषेवर किंवा वर्तुळावर सरकणारा फिकट निळा, रचनेतून आलेला काळा. स्पर्शबिंदू काळाच हवा.

केंद्र ओ, त्रिज्या 3 असं वर्तुळ काढा. बाहेर पी हा बिंदू घ्या. ओपी रेषाखंडाचा मध्यबिंदू एम हा टूल वापरूनच काढा; ग्रिडवर बिंदू आपोआप चिकटतात, त्यामुळे अंदाजानं ठेवलेला मध्यही कधीकधी बरोबर निघतो आणि चूक लपून राहते. एम केंद्र धरून ओमधून जाणारं दुसरं वर्तुळ काढा. आता छेदनबिंदूचं टूल घेऊन दोन्ही वर्तुळांवर एकेक क्लिक करा, म्हणजे ए आणि बी दोन्ही मिळतात. नेमकं छेदावरच क्लिक केलं तर एकच बिंदू येतो. अर्धवर्तुळातला कोन काटकोन, म्हणून पीए ही रेषा ओए या त्रिज्येला लंब, म्हणजेच स्पर्शिका. ओपी 5 ठेवलं तर पीए 4 यायला हवं.

आता पी हळूहळू वर्तुळाकडे ओढा. ही खरी परीक्षा, आणि ती वर्गात घ्यायलाच हवी. पी आत गेला की स्पर्शिका नाहीशा होतात, ते योग्यच आहे. पण पी बरोबर वर्तुळावर आला तरीही त्या नाहीशा होतात, हे मात्र चुकीचं, कारण तिथे एक स्पर्शिका असतेच. गडबड अशी की पी आणि ए एकच झाले, मग त्या दोघांतून रेषा कोणती काढायची? उपाय सोपा आहे: पी आणि ए जोडू नका, ए या बिंदूतून ओएला लंब काढा. बी या बिंदूतून ओबीला तसंच. मग तिथेही स्पर्शिका टिकते.

दुसरं वर्तुळ नको वाटलं तर डिलीट करू नका. ए, बी आणि स्पर्शिका त्यावरच उभ्या असल्यामुळे त्याही जातात. ते फक्त लपवा.

त्रिज्या आणि स्पर्शिका यांच्यातला कोन मोजताना एका बाजूला 90 आणि दुसऱ्या बाजूला 270 आलं तर घाबरू नका. कोन घड्याळाच्या उलट दिशेनं मोजला जातो, म्हणून क्लिकचा क्रम महत्त्वाचा. बीपाशी तो उलटा करा. आणि दशांश स्थळं दोनावरून पाचावर न्या, नाहीतर 89.998 सुद्धा 90 म्हणूनच दिसेल.