पाण्याखालच्या फोटोंची स्पर्धा आणि अडकलेली रॉ फाईल: माझा अनुभव

पाण्याखालच्या फोटोंच्या एका परदेशी स्पर्धेत माझा मालवणचा फोटो शेवटच्या फेरीपर्यंत गेला, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण ज्या पायरीवर तो बाद व्हायच्या बेतात होता, तिचा राग अजून उतरलेला नाही. कॅमेरा घेऊन डायव्हिंग करणारे आपल्याकडे आता बरेच आहेत. त्यांना हा ताप होऊ नये, म्हणून लिहितेय.

नाव नोंदवणं, फोटो चढवणं यात अवघड काही नाही. फी भरण्याआधी तुमच्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत का, तेवढं बघा. नव्या कार्डांवर ते बंद असतात, बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात.

फोटो होता न्यूडिब्रँकचा, म्हणजे बिनकवचाच्या समुद्री गोगलगायीचा. बोटवाल्याने सकाळीच सांगितलं होतं, "आज पाणी गढूळ आसा." अशा पाण्यात लांबचं टिपायला जाऊच नये, मॅक्रो, म्हणजे बारीकसारीक जीव अगदी जवळून टिपणारी लेन्स, लावून खडकाला चिकटून शोधत राहावं. ६० मिमी मॅक्रो लेन्स, एफ/१६, १/२५० सेकंद, आयएसओ २००. या सेटिंगला त्या पाण्यातला वरचा उजेड कॅमेऱ्यापर्यंत जवळजवळ पोचतच नाही, स्ट्रोबचा, म्हणजे पाण्याखालच्या फ्लॅशचा, उजेड जिथे पडेल तेवढंच उमटतं. त्यामुळे भरदुपारी मागचं पाणी काळंभोर आलं आणि पेराएवढ्या त्या जिवाच्या डोक्यावरची दोन शिंगं, शिंगांवरच्या बारीक आडव्या चुण्यांसकट, स्वच्छ दिसली.

पुढे मेल आला: शेवटच्या फेरीसाठी मूळ रॉ फाईल पाठवा, मुदत अमुक. मागणी अगदी रास्त होती. जेपेगमध्ये काय पुसलं, काय जोडलं हे कळत नाही. रॉमध्ये सेन्सरने जे टिपलं तेच असतं आणि लाइटरूमसारख्या प्रोग्रॅममध्ये केलेले बदल त्या मूळ नोंदीला हात लावत नाहीत. माझ्यासारखी काळी पार्श्वभूमी पाहून परीक्षकांनी खात्री करून घ्यायलाच हवी.

माझा कॅमेरा ऑलिंपसचा. त्याच्या रॉ फाईलचं एक्स्टेन्शन ओआरएफ. स्पर्धेच्या साइटवर ती चढवली तर लाल अक्षरं: 'हा फाईल प्रकार चालत नाही.' खाली चालणाऱ्या प्रकारांची यादी: कॅननची सीआर३, निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू आणि डीएनजी, म्हणजे ॲडोबीचा कुठल्याही एका कॅमेरा कंपनीचा नसलेला रॉ प्रकार. पाण्याखाली फोटो काढणाऱ्या कितीतरी जणांकडे ऑलिंपस असतो, कारण बॉडी आणि हाऊसिंग, म्हणजे कॅमेऱ्याची पाणी आत न येऊ देणारी पेटी, दोन्ही आटोपशीर. पाण्याखालच्या फोटोंचीच स्पर्धा भरवायची आणि ओआरएफ यादीत नाही, हे मला आजही पटत नाही.

यादीत डीएनजी होती, म्हणून ॲडोबीच्या मोफत डीएनजी कन्व्हर्टरमधून फाईल बदलून चढवली. साइटने घेतली. मी निश्चिंत झाले. मग मेल आला की ही फाईल रूपांतरित आहे, मूळ नाही; मूळ पाठवा, नाहीतर प्रवेश रद्द. म्हणजे मूळ दिली तर साइट घेत नाही आणि साइट घेते ती यांना मूळ वाटत नाही! मी मदतीच्या पत्त्यावर सगळं सविस्तर लिहिलं, लाल अक्षरांचा स्क्रीनशॉट जोडला. उत्तर यंत्राचं: 'कृपया चालणाऱ्या प्रकारांची यादी पाहा.' पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. ड्राइव्हची लिंक पाठवली, तर बाहेरच्या लिंक उघडत नाही म्हणाले. मुदत जवळ येत होती आणि पलीकडे माणूस म्हणून कोणी बोलायलाच तयार नव्हतं. समुद्रात स्वतःला सांभाळत, जिवाला धक्का न लावता काढलेला फोटो एका यादीत तीन अक्षरं नाहीत म्हणून बाद होणार, या विचाराने मला झोप येईना.

मार्ग सापडला तो आमच्या डायव्हिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. डीएनजी कन्व्हर्टरच्या प्रेफरन्सेसमध्ये मूळ रॉ फाईल आतच ठेवण्याचा पर्याय आहे. तो टिक केला की डीएनजीच्या पोटात ओआरएफ जशीच्या तशी राहते आणि त्याच कन्व्हर्टरमधून परत बाहेर काढता येते. फाईल बरीच मोठी होते, होऊ द्या. ती चढवली, सोबत आतली ओआरएफ कशी काढायची ते पायरीपायरीने लिहिलं, लागोपाठच्या आधीच्या आणि नंतरच्या फ्रेमही तशाच पाठवल्या. यावेळी माणसाने लिहिलेलं उत्तर आलं: तपासणी पूर्ण. मी स्वयंपाकघरात जोरात ओरडलेच.

बक्षीस मिळालं नाही. शेवटच्या यादीत फोटोखाली 'मालवण, भारत' छापून आलं, त्याचा आनंद पुष्कळ आहे.

सोबत पाठवलेल्या आधीच्या-नंतरच्या फ्रेमवरून आठवलं: चांगला फोटो निवडून बाकीच्या उडवायची सवय असेल तर सोडा. आजूबाजूच्या फ्रेम हाताशी असल्या की तुम्ही जिवाला हलवून, ढोसून पोझ दिलेली नाही हेही दिसतं. जिवाला त्रास द्यायचा नाही हे नियमांत असतंच, आणि मालवणच्या काही भागाला तर १९८७ पासून सागरी अभयारण्याचं संरक्षण आहे.

मुदत 'मध्यरात्री'ची असेल तर कुठली मध्यरात्र ते वाचा. ग्रीनिचची असेल तर आपल्याकडे पहाटेचे साडेपाच.

गढूळ पाण्यात स्ट्रोब लेन्सच्या दोन्ही बाजूंना लांब ठेवा, म्हणजे मधले कण फारसे उजळत नाहीत. नंतर पुसत बसू नका, किती पुसायला परवानगी आहे ते प्रत्येक स्पर्धेत वेगळं असतं आणि रॉ मागितल्यावर सगळं दिसतं.

आणि ओआरएफवाल्यांनो, फी भरण्याआधी आयोजकांना मेल करून आपली फाईल चालते का ते लेखी विचारून घ्या. उत्तर यंत्राचंच आलं तर दुसरी स्पर्धा बघा.