बोर्नव्हिल: चॉकलेटच्या कारखान्याशेजारचे गाव

बर्मिंगहॅमच्या दक्षिण भागातील बोर्नव्हिल या उपनगराचा इतिहास १८७९ मध्ये सुरू होतो. त्या वर्षी रिचर्ड आणि जॉर्ज या कॅडबरी बंधूंनी आपला कारखाना शहराच्या कोंदट वस्तीतून उचलून बोर्न नावाच्या ओढ्याकाठी, मोकळ्या शेतजमिनीवर आणला. पुढे १८९५ पासून जॉर्ज कॅडबरींनी येथे घरे बांधायला घेतली. ती केवळ कामगारांसाठी नव्हती, आणि मला हीच गोष्ट अधिक मोलाची वाटते. घराने भूखंडाचा पाव हिस्साच व्यापावा व उरलेल्या जागेत बाग असावी, असा दंडक होता; परसात फळझाडेही आधीच लावून दिलेली असत. १९०० मध्ये ही सारी मालमत्ता एका विश्वस्त संस्थेकडे सोपवण्यात आली.

कॅडबरी कुटुंब मद्यपानाला विरोध करणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे असल्याने गावात दारूचा गुत्ता उघडू दिला नाही. (तहानलेल्याने चहावर भागवावे!) मधल्या हिरवळीवर १९१४ चे अष्टकोनी विश्रामगृह आहे, जवळच्या शाळेच्या मनोऱ्यात ४८ घंटांचे वाद्य आहे, आणि मूळ जागेवरून हलवून पुन्हा उभारलेले, काळ्या तुळयांचे व पांढऱ्या भिंतींचे सेली मॅनर हे जुने घर १९१७ पासून संग्रहालय म्हणून खुले आहे. रेल्वे स्थानकही कारखान्याला लागूनच आहे.