उभ्या उभ्या केर

उशीचा अभ्रा, पंख्याची मोटर आणि झाडूचा दांडा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जेम्स मरे स्पँगलर या दुकानातल्या सफाई कामगाराने एवढ्या सामानातून उभा व्हॅक्यूम क्लीनर जमवला. त्याला दम्याचा त्रास होता, आणि झाडताना उडणारी धूळ बाधायची. १९०८ साली पेटंट मिळालं, त्याचे हक्क चामड्याच्या वस्तू करणाऱ्या हूवरने घेतले, आणि ब्रिटनमध्ये तर ‘हूवर करणं’ म्हणजेच केर काढणं होऊन बसलं.

कूळ अजून तेच आहे. मोटर, पिशवी आणि फिरता ब्रश, सगळं एका दांड्याला. या यंत्राचं खरं घर म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट पसरलेलं घर. लेस्टर किंवा न्यू जर्सीत बिऱ्हाड थाटलेल्या मराठी माणसाला ते लवकर कळतं. कार्पेटमधली रेती धाग्यांच्या मुळाशी बसते, नुसत्या ओढीने ती वर येत नाही. फिरता ब्रश धागे झटकतो, तेव्हा ती सुटते आणि मग हवेबरोबर जाते. म्हणून कार्पेटवर उभं यंत्र सरस ठरतं, आणि कमरेत वाकावंही लागत नाही.

मग महागडं कशाला? जास्त ओढीसाठी, असं दुकानदार सांगतो. पण जास्तीचे पैसे खरे जातात ते जोडांत. स्वस्त यंत्रात ब्रश फिरवणारा पट्टा साध्या रबराचा असतो. तो सैल पडला की ब्रश नुसता लोळतो, आणि कार्पेट साफ होतंय असं वाटत राहतं. चांगल्या यंत्रात दातेरी पट्टा असतो, तो वर्षानुवर्षं चालतो. ब्रश अडकला तर मोटर जळण्याआधी तो आपोआप थांबतो. सांध्यांना रबरी कडा असतात. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची, कारण ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा हेपा फिल्टर बसवला आणि धूळ बाजूच्या फटीतूनच बाहेर आली, तर दम्याच्या माणसाला त्याचा काय उपयोग?

पिशवी की डबा, हा वाद न संपणारा. डब्याला पिशवीचा खर्च नाही, पण तो रिकामा करताना निम्मी धूळ आपल्याच नाकात. आमचं मत पिशवीच्या बाजूने. ती तीन चतुर्थांश भरली की बदलावी, चिंगूसपणा केला की ओढ मंदावते. प्लास्टरची किंवा रांगोळीची पूड मात्र दोन्हींत नको. ती इतकी बारीक असते की पिशवी अर्धी रिकामी असतानाच तिची छिद्रं बुजतात.

लांब केसांच्या घरात ब्रश दर पंधरवड्याला उलटा करून बघावा. प्लग काढायचा, ब्रशच्या लांबीला समांतर कात्री फिरवायची, केस ओढून काढायचे. टोकांच्या टोप्याही उघडाव्यात. तिथे गेलेले केस बेअरिंगला आवळतात, ते तापतं आणि आजूबाजूचं प्लास्टिक वितळतं. रबर जळल्याचा वास आला की लगेच बंद करावं. ब्रशची उंची फार खाली ठेवली असली, तरी हेच होतं. धुता येणारा फिल्टर पूर्ण चोवीस तास वाळवावा. ओलाच बसवला, तर घरभर ओल्या कुत्र्याचा वास. ओढ अचानक गेली, तर मेकॅनिकला फोन करण्याआधी नळी काढून एका टोकाने नाणं सोडावं. दुसऱ्या टोकाने पडलं नाही, तर आत मोजा आहे.

आता उणी बाजू. वजन सात-आठ किलो. सपाटीवर ते जाणवत नाही, जिन्यावर मात्र प्रत्येक पायरी मोजते. नळी जास्त ताणली, की यंत्र आडवं होऊन पायऱ्या उतरत येतं. बुटक्या पलंगाखाली तोंड शिरत नाही. आणि फरशीवर ब्रश चालू ठेवला, तर सांडलेले तांदूळ आत जाण्याऐवजी टपटप उडून थेट फ्रिजखाली जातात. फरशीच्या घरात म्हणून हे यंत्र म्हणजे डांबरी रस्त्यावर ट्रॅक्टर.

परदेशातून सामान हलवताना अमेरिकेतलं यंत्र तर आणूच नये. ते १२० व्होल्टचं. आपल्या २३० वर लावलं तर मोटर काही क्षणांत जाते, आणि त्याला पुरेसा ट्रान्सफॉर्मर व्हॅक्यूमपेक्षा जड भरतो. ब्रिटनमधलं चालतं, फक्त प्लग बदलावा लागतो.

इथे आल्यावर लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीशेजारी यालाही मान द्यावा असं कुणाच्या मनात आलंच, तर हळदकुंकू दांड्याला लावावं. खाली ब्रशपाशी सांडलं, तर ते त्या रांगोळीच्याच जातीचं.