तुम्ही विचारलंत म्हणून: ‘शेवटी ती नेमकं काय म्हणाली?’

एखाद्या मालिकेचा नवा भाग सगळ्यांचा बघून झाला की खुनी कोण, पुढच्या सीझनमध्ये कोण उरणार, यावर वाद रंगतात. त्या गप्पांत एक प्रश्न मात्र ठरलेला: “शेवटच्या प्रसंगात ती त्याच्या कानात काय पुटपुटली? तीनदा मागे नेऊन ऐकलं, तरी कळलं नाही. आवाज वाढवला तर पुढच्याच क्षणी स्फोट, आणि झोपलेली माणसं उठली. टीव्ही बिघडलाय का आमचा?”

बिघाड क्वचितच असतो. बहुतेक घरांत दोष असतो तो ट्रॅकच्या आणि सेटिंगच्या निवडीत, आणि काही वेळा खुद्द मालिकेच्या ध्वनिमिश्रणात. यातलं तुमच्याकडे काय आहे हे आधी ठरवा. तोच प्रसंग फोनवर लावा, मूळ भाषेत, आणि वायरचे इअरफोन घालून ऐका. वाक्य स्वच्छ कळलं तर मालिका ठीक आहे, दुरुस्ती घरात करायची आहे. तिथेही कळलं नाही तर ते मिश्रणच तसं आहे. सेटिंग बदलत बसू नका, सरळ सबटायटल्स लावा. तिसरी खूण बातम्यांची. निवेदक समोर माइक घेऊन सरळ बोलतो, मागे संगीत नसतं. तोही अस्पष्ट वाटत असेल तर मालिकेला बोल लावण्यात अर्थ नाही. स्पीकर, खोली किंवा कान यांच्याकडे बघायला हवं.

आता कारण. हल्लीच्या मालिकांचा मुख्य आवाज बहुधा 5.1 मध्ये मिसळलेला असतो, म्हणजे सहा वाटा: समोर डावी, उजवी आणि मधली, मागे दोन, आणि खोल घुमणाऱ्या आवाजाची एक वेगळी. पात्रांचं बोलणं जवळजवळ सगळं मधल्या वाटेत असतं. मिश्रण करणारा माणूस ज्या खोलीत बसतो तिथे त्या वाटेला स्वतंत्र स्पीकर असतो. तुमच्या टीव्हीत दोनच. मग टीव्ही सहा वाटांच्या दोन करतो. मधली वाट 3 डेसिबलने कमी करून डावीकडे आणि उजवीकडे दोन्हींत घातली जाते, मागचे आवाजही त्याच दोन स्पीकरांत येऊन पडतात. दोन्हीकडून मिळून बोलण्याची ताकद तेवढीच राहते, पण त्याची स्वतःची जागा जाते. पाऊस, रहदारी, व्हायोलिन, सगळं आता त्याच दोन छिद्रांतून येतं. म्हणून ‘आवाज कमी आहे’ असं वाटलं तरी खरी अडचण गर्दीची असते, आणि नुसता व्हॉल्यूम वाढवून गर्दीही तेवढीच वाढते.

त्यात सपाट टीव्हीचे स्पीकर. पडद्याची कड बारीक हवी म्हणून ते खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. आवाज आधी टेबलावर किंवा भिंतीवर आपटतो आणि मग तुमच्याकडे येतो. माणसाच्या आवाजाचा जाडपणा खालच्या सुरांत असला तरी शब्द ओळखू येतात ते प्रामुख्याने 1 ते 4 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांची सळसळ त्याहीवर जाते. भिंतीवरून फिरून येताना नेमकं हेच वरचं टोक बोथट होतं. शिवाय खालच्या सुरांचा घुमारा वरच्या सुरांना झाकतो. बास वाढवला की शब्द बुडतात, ते यामुळे.

स्फोटाने दचकायला होतं त्याचा हिशेब वेगळा. युरोपात वाहिन्यांवरच्या कार्यक्रमाची सरासरी मोठेपणाची पातळी उणे 23 एलयूएफएस (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक; आकडा जितका उणे, तितका आवाज हळू) ठेवतात. नेटफ्लिक्सची अट उणे 27 ची आहे, आणि तीही नुसत्या बोलण्यावर मोजून; 2 ने इकडेतिकडे चालतं. सर्वांत उंच टोक मात्र उणे 2 पर्यंत जाऊ शकतं. कागदोपत्री हे 25 डेसिबलचं अंतर. संवाद साध्या गप्पांच्या आवाजात ऐकायचे ठरवले की स्फोट कुठे जाणार हे उघड आहे. वाहिनीवरून अ‍ॅपवर गेलं की आवाज एकदम खाली गेल्यासारखा वाटतो, त्यामागेही हेच आकडे आहेत.

घरी करायच्या गोष्टी उलगडून सांगते. सुरुवात ऑडिओ ट्रॅकपासून, सबटायटल्सच्या शेजारच्या यादीतून. तिथे एकाच भाषेचे दोन पर्याय दिसत असतील, एकापुढे 5.1 आणि दुसरा साधा, तर टीव्हीचेच स्पीकर वापरणाऱ्यांनी साधा निवडावा. तो दोन वाटांसाठीच बनवलेला असतो आणि टीव्हीला घाईघाईने गोळाबेरीज करावी लागत नाही. फुकट आणि दहा सेकंदांचा उपाय, तरी फार थोडे लोक ती यादी उघडून बघतात. प्राइम व्हिडिओवर काही मालिकांना ‘डायलॉग बूस्ट’ नावाचे वेगळे ट्रॅक आहेत, मध्यम आणि जास्त असे. ते 2023 पासून आले. त्यांत बोलणं बाकीच्या आवाजापासून वेगळं काढून वर आणलेलं असतं. मध्यमने बहुतेकांचं भागतं. जास्तमध्ये संगीत इतकं मागे जातं की थराराचा प्रसंग मिळमिळीत वाटू लागतो.

मग टीव्हीचा साउंड मोड. ‘सराउंड’, ‘व्हर्च्युअल’, ‘थ्री-डी’ असं ज्याच्या नावात आहे ते आधी बंद करा. हे मोड आवाज पसरवण्यासाठी दोन वाटांतला फरक ताणतात, आणि मधोमध असलेलं बोलणं त्यात पातळ होतं. दुकानात छाप पाडायला ते चांगले. त्याऐवजी बोलण्यासाठीचा मोड लावा. कुठे त्याला क्लिअर व्हॉइस म्हणतात, कुठे व्हॉइस झूम, कुठे नुसतंच स्पीच. इक्वलायझर (वेगवेगळ्या सुरांची पातळी कमी-जास्त करण्याची सोय) हाताने लावता येत असेल तर 100 ते 200 हर्ट्झची पट्टी 3–4 डेसिबल खाली, 2 ते 4 किलोहर्ट्झची 2–3 वर. याहून जास्त ओढलंत तर प्रत्येक ‘स’ शिट्टीसारखा टोचायला लागेल आणि अर्ध्या तासात कान थकतील.

रात्री बघणाऱ्यांसाठी नाइट मोड, ज्याला काही यंत्रांवर डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन किंवा डीआरसी लिहिलेलं असतं. तो हळू आवाज वर उचलतो, मोठा खाली दाबतो. डॉल्बीच्या ध्वनिप्रवाहात बोलण्याची सरासरी पातळी सांगणारा एक आकडा सोबत येतो, त्यामुळे यंत्राला संवाद कुठे ठेवून बाकीचं दाबायचं हे कळतं. हा बटबटीत उपाय नाही. तरीही “नाइट मोड लावला, काही फरक नाही” अशी तक्रार सारखी येते. बऱ्याचदा तो चुकीच्या यंत्रात लावलेला असतो. टीव्ही ‘पासथ्रू’ किंवा ‘बिटस्ट्रीम’वर असेल तर तो आवाजाला हातही न लावता पुढे साउंडबारला, म्हणजे टीव्हीखाली ठेवायच्या लांबट स्पीकरला, देतो. मग टीव्हीतला नाइट मोड, इक्वलायझर, सगळं निरुपयोगी. आवाज जे यंत्र उलगडतं, त्याच्याच मेनूत बदल करायला हवा. टीव्हीतून करायचा असेल तर आउटपुट ‘पीसीएम’, म्हणजे टीव्हीनेच उलगडलेला आवाज, असं करा. मात्र साध्या एआरसीवरून (टीव्हीचा आवाज साउंडबारकडे नेणारी एचडीएमआय जोडणी) पीसीएमच्या दोनच वाटा जातात, त्यामुळे मधला स्पीकर असलेल्या साउंडबारचा मोठा फायदा तिथे गमावता.

मधला स्पीकर असेल तर त्याचीच पातळी वाढवता येते, आणि माझ्या मते साउंडबार घेण्याचं तेवढंच सबळ कारण आहे. खोक्यावर 2.1 लिहिलं असेल तर त्यात मधली वाट नाही, 3.1 किंवा पुढे बघा. रिमोटवर ‘सेंटर’ शोधून 2 ते 4 ने वाढवा, सबवूफर (खोल आवाजाचा वेगळा स्पीकर) 2–3 ने उतरवा. ठेवायची जागा टेबलाच्या पुढच्या कडेला. बार मागे सरकवलेला असला की समोरची फळी आवाज परत फेकते, कपाटाच्या खणात कोंबला की घुमतो, आणि कोपऱ्यातला सबवूफर नको तितका गडगडतो. उघडी फरशी आणि मोकळ्या भिंती असलेल्या खोलीत जाड सतरंजी आणि पडदा यांचा फायदा मेनूतल्या अर्ध्या पर्यायांपेक्षा जास्त होतो.

दोन लक्षणं मात्र खरीखुरी चूक दाखवतात. संगीत दणदणीत, पण बोलणं शेजारच्या खोलीतून आल्यासारखं अगदी क्षीण: इथे सहा वाटा पाठवल्या जात आहेत आणि वाजताहेत दोनच, मधली वाट मध्येच हरवते आहे. पाठवणाऱ्या यंत्राचं आउटपुट ‘स्टिरिओ’ किंवा ‘पीसीएम’ करताच बोलणं जागेवर येतं. दुसरं, वेगळे जोडलेले दोन स्पीकर असताना आवाज पोकळ, कुठून येतोय तेच कळत नाही: एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली आहे. दोन्हींत सारखं असलेलं बोलणं एकमेकांना खोडतं. यंत्र बंद करून एकाच स्पीकरची वायर फिरवा, दोन्हींची फिरवलीत तर परत तेच.

ओठ आणि आवाज यांचा मेळ नसला तरी वाक्य निसटतं, कारण आपण नकळत ओठही वाचत असतो. आवाज ओठांच्या सुमारे 45 मिलिसेकंद आधी आला की खटकतो. उशिरा आलेला मात्र सुमारे 125 पर्यंत लक्षात येत नाही. साउंडबारवर ‘ऑडिओ डिले’ किंवा ‘लिप सिंक’ असतं, ते 10–10 ने वाढवत जा. एक गफलत इथे ठरलेली असते: डिले वाढवल्याने आवाज आणखी उशिरा येतो. आवाज आधी येत असेल तरच त्याचा उपयोग. मुळात उशिराच येत असेल तर डिले शून्यावर आणून आवाजावरची वाढीव प्रक्रिया बंद करा, आणि ब्लूटूथऐवजी वायर वापरा.

बदल एकेक करून, दोन मिनिटांच्या एकाच प्रसंगावर तपासा. मागे संगीत आणि पुढे दोघांची कुजबुज असा प्रसंग निवडा. मारामारीच्या प्रसंगावर काहीच ठरत नाही. वेग 1.25 वर ठेवून बघणाऱ्यांनी तो आधी 1 वर आणावा.

इतकं करूनही काही मालिका ऐकू येणार नाहीत. नट पुटपुटतात, चित्रीकरणाच्या जागी गोंगाट असतो, आणि मिश्रण करणाऱ्यांनी ते वाक्य इतक्या वेळा ऐकलेलं असतं, शिवाय संहिता समोर असते, की त्यांना ते न कळणं शक्यच नसतं. दुसऱ्या भाषेत डब केलेला ट्रॅक अनेकदा स्वच्छ वाटतो, कारण तो बंद स्टुडिओत माइकजवळ बोलून घेतलेला असतो. अभिनयाचा निम्मा कस त्यात जातो, हेही खरं.

घरातल्या इतरांना कळतं आणि एकालाच कळत नाही, विशेषतः बायका-मुलांचे आवाज निसटतात, असं असेल तर मेनू सोडा आणि कान तपासून घ्या. वयाने ऐकू येणं आधी वरच्या सुरांत कमी होतं. नेहमीच्या तपासणीत 250 हर्ट्झ ते 8 किलोहर्ट्झपर्यंतचा आलेख निघतो आणि खड्डा कुठे आहे ते दिसतं.

सबटायटल्स लावणार असाल तर यादीत दोन प्रकार दिसतील. ‘सीसी’ किंवा ‘एसडीएच’ लिहिलेल्यात दाराची करकर, संगीताचा भाव, बोलणाऱ्याचं नाव, सगळं लिहून येतं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना ते हवंच. इतरांनी रहस्यकथेला नुसत्या संवादांचा पर्याय घ्यावा. अंधारातून आवाज येतो, चेहरा अजून दाखवलेला नसतो, आणि खाली कंसात पात्राचं नाव आधीच झळकतं, असं कधी कधी होतं.