तुम्ही विचारलंत म्हणून: ऑस्टेन आर्डची नवी मालिका थेट वाचावी का?

ऑस्टेन आर्ड हे अमेरिकन लेखक टॅड विल्यम्सने रचलेलं काल्पनिक जग. त्यातली ‘द लास्ट किंग ऑफ ऑस्टेन आर्ड’ ही फॅन्टसी मालिका आधीची ‘मेमरी, सॉरो अँड थॉर्न’ न वाचता सुरू केली तर चालेल का, असं नेहमी विचारलं जातं. करू नका. कथा कळेल, पण जुन्या युद्धातून कोण वाचलं आणि सिंहासनावर कोण बसलं हे नव्या मालिकेत सुरुवातीलाच उघड होतं. मग मागे वळून जुने तीन खंड वाचण्यात जीव उरत नाही. (ती नावं म्हणूनच इथेही देत नाही.)

आधी ‘द ड्रॅगनबोन चेअर’ (१९८८). बहुतेक वाचक इथेच अडकतात, कारण पहिली दीडशे-दोनशे पानं सायमन हा मुदपाकखान्यातला पोरगा हेहोल्टच्या किल्ल्यात नुसता हुंदडत असतो. तरी ती गाळू नका, विशेषतः डॉक्टर मॉर्गेनीस त्याला इतिहास सांगतो ती. तिथे सहज आलेल्या गोष्टींचा अर्थ थेट तिसऱ्या खंडात लागतो. मग ‘स्टोन ऑफ फेअरवेल’ (१९९०) आणि ‘टू ग्रीन एंजल टॉवर’ (१९९३). हा तिसरा खंड हजारावर पानांचा आहे आणि पेपरबॅकमध्ये दोन भागांत निघाला. जुनी प्रत घेताना दोन्ही भाग आहेत ना, ते बघा.

यानंतरचं ‘द हार्ट ऑफ व्हॉट वॉज लॉस्ट’ (२०१७) छोटं आहे, म्हणून लोक सोडून देतात. फार मोठं नुकसान होतं ते. जुन्या मालिकेत नॉर्न (उत्तरेतली, जवळजवळ अमर अशी जमात) दिसतात ते शत्रू म्हणून, बाहेरून. इथे हरलेलं नॉर्न सैन्य आपल्या डोंगराकडे, नाकिगाकडे, माघार घेतं आणि आपण प्रथमच त्यांच्या बाजूने वेढा अनुभवतो. इथला व्हियेकी हा नॉर्न पुढच्या खंडांतही महत्त्वाचा आहे. त्याची ओळख नसेल तर ‘द विचवुड क्राउन’मधली (तेही २०१७चंच) नाकिगाची प्रकरणं पदव्या आणि नावांच्या ओझ्याखाली दबतात. आणि नव्या मालिकेचं खरं बळ, माझ्या मते, याच प्रकरणांत आहे.

‘विचवुड क्राउन’ जुन्या युद्धानंतर तीसेक वर्षांनी सुरू होतं. त्यापुढे ‘एम्पायर ऑफ ग्रास’ (२०१९).

‘ब्रदर्स ऑफ द विंड’ (२०२१) हजारेक वर्षांपूर्वी घडतं, त्यामुळे काहीजण ते सगळ्यांत आधी वाचतात. त्याने पुस्तकाचा घातच होतो. त्यातल्या दोन सिथी (नॉर्नांची भाऊबंद जमात) भावांपैकी एकाचं पुढे काय झालं हे ठाऊक असेल तरच त्यांची माया वाचताना पोटात तुटतं. ‘एम्पायर ऑफ ग्रास’नंतरची जागा त्याला योग्य.

शेवटी ‘इन्टू द नॅरोडार्क’ (२०२२) आणि ‘द नॅव्हिगेटर्स चिल्ड्रन’ (२०२४). मूळचा एकच खंड लांबीमुळे दोन पुस्तकांत विभागला गेला, त्यामुळे पहिलं पुस्तक ऐन मध्यावर थांबतं. दोन्ही हाताशी असतील तेव्हाच सुरू करा. नावांचा गोंधळ झालाच तर पुस्तकाच्या शेवटी राज्यवार पात्रसूची आहे.